लिंब कुणाचा

सावळवाडीला जायचं असेल तर लासूर स्टेशनाहून गंगापूरकडे जाणारी काळीपिवळी जीप धरावी आणि जीपवाल्याला गावाचं नाव सांगू नये. सांगितलं तर तो कपाळाला आठ्या घालून विचारतो, "ते ठीक हाये, पर उतरायचं कुठं?" सावळवाडी हे नाव सरकारपुरतं. आमच्याकडच्या जागा ओळखल्या जातात त्या माणसांच्या नावानं. डांबरी रस्ता सोडून गावाकडे वळलं की आधी कडुबाचा उतार लागतो. कडुबाची कापसाची गाडी तिथं उलटली होती. पुढे कडुबा गेला, बैल गेले, गाडीचं जू चुलीत गेलं. उतार मात्र त्याचाच राहिला. खाली ओढा आहे, तो पुढे शिवना नदीला मिळतो. ओढ्यावर पूल म्हणून घातलेल्या फरशीला मास्तरांची फरशी म्हणतात, कारण एका पावसाळ्यात शाळेचे मास्तर लुनासकट तिच्यावरून वाहून गेले होते. लुना सापडली नाही. मास्तर सापडले, तेही चिडलेले. ओढा चढून आलं की गीताबाईचा बांध, आणि मग घरं.

ही नावं कुणी बसून ठेवत नाही. ती मागून मिळत नाहीत आणि भांडून तर मुळीच मिळत नाहीत. कुणीतरी एकदा सहज बोलून जातो, दुसरा तेच म्हणतो, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही. ज्याच्या नावानं एखादी जागा झाली त्याचं बरं चाललं म्हणायचं. पोरं-नातवंडं विसरली तरी जीपवाला विसरत नाही.

आता फाट्याचं सांगतो, जिथं सगळे उतरतात. तिथं एक भलामोठा कडुलिंब आहे. वैशाखात सगळा माळ तव्यासारखा तापतो, पण त्या झाडाखाली माणूस बसला की उठायचं नाव घेत नाही. बुंध्याला टेकून तीन दगडांवर पाण्याचा रांजण असतो. गुढीपाडव्याला तो भरायला सुरुवात करायची आणि मृग निघेपर्यंत आटू द्यायचा नाही, असा नेम. रांजण वच्छलाबाईचा. नवरा वारला त्या वर्षी तिनं त्याच्या नावानं तो ठेवला आणि नंतर एकही उन्हाळा चुकवला नाही. म्हणून त्या जागेला म्हणतात वच्छलाबाईचा लिंब.

आणि याच एका नावानं चतुराबाईचा जीव इतकी वर्षं जळत होता.

चतुराबाई म्हणजे रामकिसनची बायको, वच्छलाबाईची भावकीतली धाकटी जाऊ. दोघी एकाच लग्नसराईत या गावात सुना म्हणून आल्या. चतुराबाई बारीक, काटक, बोलायला लागली की समोरच्यानं ऐकून घ्यायचं. वच्छलाबाई सावकाश बोलणारी, गोड बोलणारी. चतुराबाईला हा गोडवाच आधी खुपायचा. मग काय काय खुपायला लागलं त्याला सुमार नव्हता. वच्छलाबाईची भाकरी टम्म फुगली तरी हिच्या पोटात दुखायचं. वच्छलाबाईचा मुलगा शहरात कंपनीत लागला, त्यानं चारचाकी घेतली, तेव्हा तर ही दोन दिवस धड जेवली नाही. पण हे सगळं एकीकडे आणि तो लिंब एकीकडे. भाकरी वच्छलाबाईची होती, मुलगा वच्छलाबाईचा होता. झाड वच्छलाबाईचं नव्हतं. झाड चतुराबाईनं लावलेलं होतं.

हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दोष चतुराबाईचाच होता. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, कडेवर तान्ही पोर होती. वेरूळजवळच्या माहेरी जायला ती फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली. तेव्हा तिथं काडीची सावली नव्हती. एसटी आलीच नाही. उन्हानं पोर लालबुंद झाली, तापानं फणफणली, आठ दिवस जिवाला घोर लावला तिनं. पोर वाचली, पण चतुराबाईच्या डोक्यात ते ऊन बसलं. पुढच्या पावसाळ्यात तिनं ओढ्याकाठचं एक लिंबाचं रोप उकरलं, फाट्यावर लावलं आणि शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बोरीच्या काट्या रोवल्या. उन्हाळ्यात पाणी घालायचं खरं दुखणं होतं. आड आटलेला, आणि सासू अशी की भांडं विसळलेलं पाणीसुद्धा मोजून फेकायला लावायची. म्हणून ही पहाटे, शेतात जायच्या आधी, पदराखाली कळशी झाकून तो चढ चढायची. दोन उन्हाळे चढली. झाडानं जीव धरला आणि मग ते आपलं आपण वाढलं.

सासू होती तोवर हे सांगायची सोय नव्हती. सासू गेली तोवर रांजण आला होता आणि नाव पडून गेलं होतं. आता सांगावं तर लोक म्हणणार, नाव झालं तेव्हा बरी हिला जाग आली. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. रामकिसन कानावर उपरणं ओढत म्हणाला, "असंल." आणि घोरायला लागला. सख्ख्या नवऱ्याचं हे, तर गावाला काय सांगायचं?

तेव्हा चतुराबाईनं आपल्यापुरता एक नेम केला. ते नाव तोंडातून काढायचं नाही. जीपमध्ये कुणी विचारलं, मावशी कुठं उतरायचं, की ती म्हणायची, "फाट्यावर."

"कंच्या फाट्यावर?"

"फाट्यावर म्हनलं नं! डोळे हायेत का बटनं?"

सगळा तालुका ज्याला वच्छलाबाईचा लिंब म्हणायचा, त्याला ही एकटी फाटा म्हणत राहिली. एकदा भागवत सप्त्याच्या पोळ्या लाटताना वच्छलाबाई शेजारी येऊन बसली आणि तिच्या त्या सावकाश आवाजात म्हणाली, "चतुरा, ते लिंबाचं झाड हाये नं—" पुढचं ऐकायला चतुराबाई थांबलीच नाही. लाटणं टाकून उठली ती सरळ घरी. आता झाडाच्या बढाया पण ऐकायच्या का हिच्या?

अशी वर्षं गेली. यंदाच्या फाल्गुनात वच्छलाबाईचे गुडघे पार गेले आणि ऑपरेशनसाठी मुलगा तिला शहरात घेऊन गेला. चतुराबाई तेव्हा शेतात हरभरा काढत होती. तिनं बघितलं, गाडी फाट्यावर थांबली. वच्छलाबाई काठी टेकत उतरली. झाडाच्या बुंध्याला हात लावून जरा वेळ उभी राहिली. मग मुलाकडून रांजण पालथा घालून घेतला आणि गाडीत बसून गेली.

"बघा," चतुराबाई नवऱ्याला म्हणाली, "जाता जाता बी मालकी दाखवून गेली."

"तिचे गुडघे दुखत्यात गं," रामकिसन म्हणाला.

"माझे काय लोखंडाचे हायेत?"

पण संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिच्या मनात भलतंच चांदणं पडलं. या उन्हाळ्यात वच्छलाबाई नाही. रांजण पालथा. म्हणजे पाणी ठेवणारं कुणी नाही. नाव जर पाण्यानं पडतं, तर ते पाण्यानंच फिरेल की! तिनं बाजारच्या दिवशी लासूरच्या कुंभाराकडून दोन रांजण घेतले. एक नाही, दोन. वच्छलाबाईचा कमरेएवढा होता, हे छातीएवढे. जीपच्या टपावर दोरीनं बांधून आणले. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, आत वाळ्याची जुडी टाकली, स्टीलचा पेला साखळीनं बुंध्याला बांधला. पाडव्याच्या सकाळी गुढी उभी करायच्या आधी तिनं रांजण भरले. वच्छलाबाईचा जुना रांजण तिनं पायानं सरकवून झाडामागं लोटला.

रस्त्यावरच्या प्रत्येक जीपवाल्याला ती ओळखत होती, पण राजकुमारची जीप सगळ्यात जास्त फेऱ्या करायची आणि त्याचा आवाज सगळ्यात मोठा. त्याला तिनं पकडलं. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, वर कांदा फोडून दिला.

"काकू, आज काय नवस फिटला का काय?" राजकुमार खाता खाता म्हणाला.

"नाय रं. एक काम हाये तुझ्याकडं. इथं आल्यावर तू वरडतो नं, अमुक तमुकचा लिंब म्हनून?"

"वच्छलाबाईचा लिंब. व्हय."

"आता पानी कोन भरतंय?"

"तुमी."

"मग नाव कुनाचं घ्यायचं?"

राजकुमार बोटं चाटत विचार करत राहिला. ठेचा झणझणीत होता, माणसाला शब्द पाळावासा वाटेल असाच होता. दुसऱ्या दिवशी त्यानं फाट्यावर जीप उभी करून आरोळी ठोकली, "चला, चतुराबाईचा लिंब!" झाडाखाली बसलेल्या चतुराबाईच्या अंगावर काटा आला. साठीच्या बाईला असं होऊ नये, पण झालं. तिनं पदर नीट केला आणि कोण उतरतंय ते बघू लागली.

कुणीच उतरलं नाही. मागच्या बाकावर सावळवाडीला सोयरीक बघायला निघालेला एक म्हातारा होता. त्याला पत्ता सांगितला होता वच्छलाबाईच्या लिंबाचा. तो आपला निवांत बसून राहिला. दोन गावं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, अजून किती लांब? मग तिथं जी जुंपली! म्हातारा नव्या धोतरात भर उन्हात परत मागं चालत आला. येऊन चतुराबाईच्याच रांजणातलं तीन पेले पाणी प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "जीपवाला हलकट निघाला, पर वच्छलाबाईचं पानी लई गार हो."

चतुराबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पेला हळूच खाली सोडला.

राजकुमारनं हात जोडले. "काकू, भाकरी परत मागा, पर हे माझ्याच्यानं व्हनार नाय. पॅसेंजर मारत्यात."

तरी तिनं पाणी सोडलं नाही. रोज सकाळी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, मास्तरांची फरशी ओलांडून कडुबाचा उतार चढायचा. नावाला उतार, गावातून येणाऱ्याला तो चढच. गुडघे बोलायला लागले. एवढं करून ऐकायला काय यायचं? "वच्छलाबाई शहरात गेली, पर पान्याची सोय करून गेली हो." "दोन दोन रांजण! मोठ्या मनाची बाई." कापसाचे व्यापारी, शाळेतल्या बाई, लग्नाला निघालेलं वऱ्हाड, सगळे यायचे, हिचं पाणी प्यायचे आणि तिला दुवा द्यायचे. चतुराबाई तिथंच बसलेली असायची. एक दिवस तर कुणी तिला विचारलं, "मावशी, तुमी वच्छलाबाईकडं कामाला का?"

ज्या दिवशी असं विचारलं गेलं, त्या दिवशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसं निघून गेली. रस्ता रिकामा झाला. झाडामागं वच्छलाबाईचा तो जुना रांजण पालथा पडला होता, पाण्यानं काळा पडलेला, कडेला थोडा टवका उडालेला. इथं नाही ती, तरी तिचंच राज्य! चतुराबाईनं दगड उचलला आणि घातला. एका घावात फुटला नाही, म्हणून दुसरा घातला. मग खापऱ्या पायानं बुंध्यामागच्या खड्ड्यात लोटल्या आणि वर पाला ओढला. तिला वाटलं होतं बरं वाटेल. तसं काहीच झालं नाही. रात्री जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "जुना रांजण फुटला तर पाप लागतं का?" रामकिसन म्हणाला, "फोडला तर लागत असंल." त्या माणसाला बाकी काही कळत नसे, पण कधी कधी नेमकं कळे.

अक्षय्यतृतीया होऊन गेली तेव्हाची गोष्ट. चतुराबाई रांजण भरून साडीच्या ओच्याला हात पुसत होती. राजकुमारची जीप थांबली. "वच्छलाबाईचा लिंब!" पाठीला बॅग अडकवलेली एक मुलगी उतरली. तिनं झाडाकडे मान वर करून पाहिलं, मग रांजणांकडे, मग चतुराबाईकडे, आणि विचारलं, "आजी, चतुराआजीचा लिंब तो हाच का?"

चतुराबाईला वाटलं कान वाजले. "काय म्हनली?"

"चतुराआजीचा लिंब. मी श्रेया. वच्छलाबाईंची नात."

या पोरीला चतुराबाईनं बारशात पाहिलं होतं.

"चतुरा म्हंजी मीच. असं कोन म्हनतं?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे सगळेच म्हणतात की. आजी लहानपणापासून गोष्ट सांगायची. तुम्ही नव्या सूनबाई असताना पदराखाली कळशी लपवून पहाटे यायचात. आजी तेव्हा माळावर गोवऱ्या वेचायची, तिनं बघितलं होतं. पण तुमच्या सासूबाईंना कळलं तर तुमचं काही खरं नाही, म्हणून ती कुणाला बोलली नाही. सासूबाई गेल्यावर ती गावात सांगायला गेली, पण लोकांनी ऐकूनच घेतलं नाही. तुम्हालाही सांगायला आली होती म्हणे, तुम्ही उठून गेलात." श्रेया हसली. "येताना मला म्हणाली, चतुराआजीच्या लिंबापाशी उतर, पण जीपवाल्याला वच्छलाबाईचा लिंब म्हण, नाहीतर त्याला कळायचं नाही."

आपलं नाव या झाडाला लागलेलं ऐकायचं म्हणून चतुराबाईनं काय काय केलं होतं! आणि ते नाव शहरातल्या एका घरात वर्षानुवर्षं रोजच्या बोलण्यात होतं. तेही त्या बाईच्या घरात. खरं तर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलंही. पण त्याच्या आधी जी एक कळ उठली ती जुनीच होती. इथंसुद्धा हीच पुढं? जे मला जमलं नाही ते हिनं बसल्या जागी केलं आणि मला सांगितलंसुद्धा नाही?

"आजीचं ऑपरेशन चांगलं झालं," श्रेया सांगत होती. "पण आता तिला एवढा चढ चढायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून तिनं मला पाठवलं. म्हणाली, चतुराला सांग, झाड तू जगवलंस, आता पाणीही तूच ठेव. आणि माझा रांजण तिला दे. जुना आहे, पण त्यात पाणी फार गार होतं." तिनं बुंध्याभोवती एक चक्कर मारली. "कुठंय तो? आजी म्हणाली, झाडाला टेकून पालथा ठेवलाय."

आता खोटं बोलणं अगदी सोपं होतं. कुत्र्यांनी पाडला, पोरांनी दगड मारले, वादळ आलं. चतुराबाईच्या तोंडात हे सगळं तयारही होतं. पण पोरगी वाकून पाल्याकडेच बघत होती, आणि पाल्यातून एक काळी खापरी वर आली होती.

"फुटला," चतुराबाई म्हणाली. मग म्हणाली, "फुटला नाय. म्या फोडला. दगड घालून."

"का?"

"जळत व्हते मी तिच्यावर. लई वर्सं."

शहरातल्या मुलीला असं कुणी तोंडावर सांगत नसावं. श्रेयानं साखळीचा पेला उचलला, रांजणात बुडवला आणि उभ्यानं पाणी प्यायली.

"याचंही गार आहे," ती म्हणाली.

"वाळा घातलाय," चतुराबाई म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

शहरातल्या घराचा पत्ता सांगून श्रेया संध्याकाळीच परत गेली. दुसऱ्या दिवशी चतुराबाईनं रांजण भरायचं काम रामकिसनवर टाकलं, तेव्हा तो पहिल्यांदाच पूर्ण जागा झाला. तिनं फडक्यात बाजरीचं पीठ बांधलं, ठेच्याची वाटी घेतली, खड्ड्यातली एक खापरी घेतली, ठेवली, परत घेतली. शेवटी ठेवलीच. फोडल्याचं तोंडानं सांगायचं, खापरी कशाला दाखवायची? वच्छलाबाई काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. असू दे गं चतुरा, असंच म्हणेल, त्या सावकाश आवाजात. भांडेलसुद्धा नाही, आणि त्याचाच पुन्हा राग येईल. पण जायला तर हवं होतं.

राजकुमारच्या जीपमध्ये ती मधल्या बाकावर बसली. लासूर यायच्या आधी तो पुढूनच एकेकाला विचारत पैसे गोळा करू लागला, कारण कोण कुठून चढलं त्यावर भाडं ठरतं. गर्दीत कोण कुठं चढलं, आपल्या मागं कोण बसलंय, हे त्याला दिसलं नव्हतं.

"मधल्या बाकावर कोन हाये? कुठून बसले?"

सवयीनं तिच्या ओठावर फाटा आला. तो तिनं गिळला. छातीत थोडं जळजळलं, ठेचा जास्त झाल्यावर जळजळतं तसं. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, पैसे काढा म्हणून.

"वच्छलाबाईच्या लिंबापासून," चतुराबाई म्हणाली.

राजकुमारनं चटकन आरशात पाहिलं. पण काकूनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं, आणि पैसे पुढे देणारा हात तेवढा त्याला दिसला.